याईराच्या मुलीचं पान

उस्मानपुऱ्यातल्या त्या मंगल कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग कसाही पडलेला होता, त्याची कुणाला फिकीर नव्हती. टोकन मिळत होतं ते बायबलला. निळे दुपट्टे घेतलेल्या बाया टेबलामागे बसून येणाऱ्याचं बायबल ताब्यात घ्यायच्या, रबर लावून त्यावर नंबराचा कागद अडकवायच्या आणि तोच नंबर मालकाच्या हातात द्यायच्या. मग बायबलं पडद्यामागं जायची. तिथं म्हणे ब्रदर ऋतुराज त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे, आणि त्यातली काही निवडक बायबलं पुढं स्टेजवर बोलायची.

पुस्तक बोलतं कसं, हे बघायलाच रविवारची झोप सोडून एवढी माणसं जमली होती. गाणी संपता संपत नव्हती. टाळ्या वाजवून हात दुखायला लागले तेव्हा कुठं ब्रदर अवतरले. पांढरा सूट, गालाला चिकटलेला माईक, आणि एका वाक्यात तीन भाषा.

"प्रभु आज बात करेगा, मंडळी! ये किताब डेड नाही, लिव्हिंग आहे! मी टच करणार नाही. ज्यानं लिहिली, तोच खोलणार!"

ते नंबर पुकारून त्याचं बायबल कण्यावर उभं करायचे, दोन्ही तळव्यांत मिटून धरायचे, डोळे बंद करून काहीतरी पुटपुटायचे आणि झटक्यात हात वर न्यायचे. पुस्तक आपोआप उघडायचं. ब्रदर ते पान वाचायचे आणि त्या माणसाला त्याच्या मनातलं दुःख सांगायचे. हॉलभर हालेलुयाचा गजर व्हायचा. ज्यांचा नंबर लागला नव्हता ते आपलं टोकन घट्ट धरून बसायचे.

मोनिका शिरसाठ अशीच टोकन धरून बसली होती. ती एका शाळेत विज्ञान शिकवायची. "कारण सांगा" असा प्रश्न आला की पोरांना शेवटपर्यंत पिच्छा न सोडणारी बाई म्हणून तिची ख्याती होती. पण घरी तिची बारा वर्षांची श्रेया होती आणि श्रेयाला फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून बरेच दिवस आली नव्हती, तरी आईची धास्ती काही जात नव्हती. तिला इथं आणलं होतं मोनालीनं. दोघी एकाच संडे स्कूलमध्ये वाढलेल्या, एकमेकींच्या घरची मीठमिरचीसुद्धा माहीत असलेल्या. मोनाली आता ब्रदरांच्या टीममध्ये होती आणि पडद्यामागं सेवा करायची.

मोनिकाचा नंबर पुकारला गेला. ती स्टेजजवळ गेली तेव्हा तिचं बायबल स्टँडवर उभं होतं. ब्रदरांनी हात वर केले, आणि एवढ्या मोठ्या पुस्तकातलं नेमकं याईराच्या मुलीचं पान उघडलं. मरायला टेकलेली मुलगी, पाया पडणारा बाप, आणि तिचा हात धरून तिला उठवणारा येशू. मोनिका रोज सकाळी हीच गोष्ट वाचायची, आणि हे घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

"मुलगी आहे," ब्रदर डोळे मिटून म्हणाले. "मला काहीतरी चमकताना दिसतंय. चांदीसारखं. त्यात गोल गोल... गोळ्या! ताई, तुझ्या मुलीला गोळ्या चालू आहेत. प्रभु म्हणतो, माझ्यावर भरवसा आहे की गोळीवर? दोन होड्यांवर पाय ठेवू नको."

मोनिका रडत रडत खाली बसली. ज्या पानाशी ती इतकी वर्षं बोलत होती, ते पान आज तिच्याशी बोललं होतं. यावर शंका घ्यायची तरी कशी?

घरी आल्यावर तिनं गोळ्यांचा डबा कपाटावर टाकून दिला. तिचा नवरा रामहरी ट्रकवर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी यायचा. आजोबांचं नाव ठेवलेला, देवभोळा आणि बायकोच्या शब्दाबाहेर नसलेला माणूस. त्यानं फोनवर "तू म्हणशील तसं" एवढंच सांगितलं. विरोध केला तो सासूनं. मनकर्णाबाई पिशोरहून अलीकडंच लेकाकडं राहायला आल्या होत्या.

"पोरीची गोळी बंद करू नको गं," त्या म्हणाल्या. "देवानं डॉक्टर काय उगंच केलेत व्हय?"

मोनिकानं त्यांना समजावलं, की वचन मिळालंय, आता शंका म्हणजे पाप. त्या दिवशी मनकर्णाबाईंनी नीट जेवण केलं नाही.

काही दिवस सगळं छान चाललं. मोनिकानं घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनेच्या कॉटेज मीटिंगमध्ये देवाच्या उपकाराची साक्ष दिली, बायांनी डोळे पुसले, मोनालीनं तिला मिठी मारली. आणि मग एका सकाळी शाळेच्या जिन्यात श्रेयाला फिट आली. वरच्या पायरीवरून ती खाली आली. हनुवटी फाटली, एक दात तुटला. दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल विचारलं. मोनिकानं खरं ते सांगितलं. डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत. फिटची गोळी अशी अचानक थांबवली तर झटके उलट जोरात येतात, मुलगी थोडक्यात वाचली, एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडं वळले. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा नव्हती.

पण माणूस एकदा पाण्यात उतरला की चटकन बाहेर येत नाही. गोळ्या तिनं पुन्हा सुरू केल्या, तरी मनात एक टोचणी राहिलीच, की आपलाच विश्वास कमी पडला. मोनालीनं फोनवर हेच सांगितलं. ब्रदर म्हणतात, घरात कुणीतरी अविश्वासी आहे, येत्या रविवारी ये, नवीन वचन मिळेल. मोनिका निघाली. श्रेयाला पेज भरवून, सासूच्या हवाली करून, घाईघाईत टेबलावरचं काळ्या कव्हरचं बायबल पिशवीत टाकून ती निघाली. ख्रिस्ती घरात तसली चेनची काळी कव्हरं दोन-तीन तरी सापडतातच.

पुन्हा तेच टोकन, तीच गाणी, तोच पांढरा सूट. या वेळीही तिचा नंबर लागला. ब्रदरांनी हात वर केले, पुस्तक उघडलं, आणि त्यांनी नाईन गावच्या विधवेची गोष्ट वाचली. एकुलता एक मुलगा गेलेली आई, आणि तिच्याकडं बघून कळवळलेला येशू.

"ताई, तुझा मुलगा गेलाय," ब्रदर कापऱ्या आवाजात म्हणाले. "तो आत्ता माझ्यासमोर उभा आहे. पांढरा शर्ट. तेल लावून चापून बसवलेले केस. हातात बॅट. तो म्हणतो, आई, मी प्रभुजवळ सुखी आहे!"

हॉलमध्ये एकच हुंदका उठला. मोनिका मात्र रडली नाही. तिला मुलगा नव्हताच. पांढरा शर्ट, चापलेले केस आणि हातात बॅट हे तिनं पाहिलं होतं, पण ते एका फोटोत. तो फोटो होता सांडूचा, रामहरीच्या धाकट्या भावाचा. शाळकरी वयात तापानं गेलेलं ते पोर. त्याचा एकमेव फोटो मनकर्णाबाई आपल्या बायबलात ठेवायच्या. मोनिकानं स्टँडकडं नीट पाहिलं. मोठ्या टायपाचं, कोपरे दुमडलेलं, कडेला हळदीचे डाग पडलेलं ते पुस्तक तिच्या सासूचं होतं.

देवाला सून आणि सासू यांच्यातला फरक कळला नाही, असं कसं होईल? आणि मग तिला आपली चंदेरी पट्टी आठवली. श्रेयाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी ती याईराच्या पानात खुणेसाठी ठेवायची. मागच्या खेपेला बायबल घरी आणल्यावर ती पट्टी सापडली नव्हती. कुठंतरी पडली असेल म्हणून तिनं तेव्हा विषय सोडून दिला होता.

लोक जेवायला पांगले तेव्हा ती थेट पडद्यामागं गेली. तिथं लांबलचक टेबलावर बायबलं मांडलेली होती, काही अजून उघडीच. मोनाली एकटी रबरं गोळा करत होती. मोनिकानं तिला काय काय दिसलं ते सांगितलं. मोनालीनं आधी कानावर हात ठेवले, मग चिडली, मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाणी चालू असताना बायबलं उघडून बघायची. कुठं पान पडतं, आत काय ठेवलंय, फोटो, फूल, औषध. ज्यातून मालकाच्या दुःखाचा नीट अंदाज लागतो, तेवढीच पुढं द्यायची, आणि ब्रदरांच्या कानात सांगायचं.

"मागच्या वेळी माझं बायबल हातात आलं, तेव्हा ते माझं आहे हे कळलं होतं तुला?" मोनिकानं विचारलं.

मोनाली दुपट्ट्याचं टोक पिळत राहिली.

"तुझ्या लग्नात मीच दिलं होतं ते," ती म्हणाली. "पहिल्या पानावर माझंच अक्षर आहे."

"आणि ती पट्टी श्रेयाची आहे, हेही?"

"तुझा विश्वास वाढावा म्हणून केलं मी. गोळ्या बंद करायला सांगतील हे मला ठाऊक नव्हतं. पण वचन तर खरंच होतं ना, मोनी?"

"तिच्या हनुवटीला टाके आहेत," मोनिका म्हणाली आणि निघाली. ब्रदरांचा तिला राग आला होता, पण ते परके होते. जिच्या मांडीवर श्रेया खेळली, तिनंच मोनिकाचं दुःख उचलून विकलं होतं. रिक्षात बसल्यावर तिला रडू आलं, आणि ते रोज सकाळी याईराच्या पानावर यायचं तसलं रडू नव्हतं.

घरी मनकर्णाबाईंनी आपलं बायबल उघडलं. सांडूचा फोटो भलत्याच पानात, उलटा खुपसलेला होता.

"माझ्या लेकराला कुणी हात लावला?" त्यांनी विचारलं. मोनिकानं त्यांना पडद्यामागचं सगळं सांगितलं.

त्या संध्याकाळी तिच्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. तिनं आपलं बायबल कण्यावर उभं केलं, मिटून धरलं आणि सोडलं. याईराचं पान. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. सासूचं सोडलं, नाईनची विधवा. मग श्रेयाचं विज्ञानाचं पुस्तक सोडलं, तर ते आकृती काढायच्या पानावर पडलं. प्रार्थना नाही, पांढरा सूट नाही. जिथं रोज हात दाबला जातो, तिथं बांधणी सैल होते आणि पुस्तक तिथंच उघडतं. चमत्कार म्हणून जे टाळ्या घेऊन गेलं, ते तिच्याच बोटांचं काम होतं.

मग तिनं याईराची गोष्ट वाचली. दरवेळी मुलगी उठते तिथं डोळे भरून यायचे आणि ती पुस्तक मिटायची. या वेळी डोळे कोरडे होते, म्हणून ती पुढं गेली. अगदी शेवटी एक छोटं वाक्य होतं. ते तिनं पुन्हा पुन्हा वाचलं.

पुढच्या रविवारी त्यांच्या नेहमीच्या चर्चमध्ये साक्षीची वेळ आली तेव्हा मोनिका उठली. लोकांना वाटलं, ब्रदरांची आणखी एक कीर्ती ऐकायला मिळणार. तिनं सगळ्यांना आपापलं बायबल कण्यावर उभं करून सोडायला सांगितलं. आधी हसू झालं, मग एकेक करत पुस्तकं उघडू लागली. एका म्हाताऱ्याचं ईयोबाच्या दुःखात, लेकरू नसलेल्या एका बाईचं हन्नेच्या प्रार्थनेत. चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनीही आपलं सोडलं आणि उघडलेल्या पानावर हळूच हात ठेवला. कमिटीच्या सेक्रेटरींचं मात्र काही केल्या उघडेना. कोरं करकरीत होतं ते, ठेवलं तसं मिटून उभं राहिलं. पोरं फिदीफिदी हसली आणि सेक्रेटरी म्हणाले, देवाच्या माणसाविरुद्ध बोलू नये. मागच्या बाकावर मोनालीनं आपलं बायबल दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलं होतं. तिनं ते सोडलं नाही.

मोनिकानं टोकनापासून पट्टीपर्यंत सगळं सांगितलं. नाव फक्त ब्रदरांचं घेतलं.

"आपलं दुःख आपल्याच पुस्तकातून चोरून त्यांनी आपल्यालाच परत दिलं, आणि आपण हालेलुया म्हणालो," ती म्हणाली. "दोष माझाही आहे. मी वचन समजून घेतलं नाही, चिठ्ठी उचलावी तसं उचललं. अर्धी गोष्ट वाचली आणि अर्ध्या गोष्टीवर लेकरू टांगलं. पूर्ण वाचा. कळलं नाही तर विचारा. कुणी म्हणालं, देव तुमच्यासाठी माझ्या कानात बोलला, तर त्याला कारण विचारा. आणि औषध बंद कर म्हणणारा कुणीही असो, त्याला दारातून परत पाठवा. याईराची मुलगी उठल्यावर येशूनं काय सांगितलं, ठाऊक आहे? तिला काहीतरी खायला द्या म्हणाला. त्यालासुद्धा तिच्या पोटाची काळजी होती."

टाळ्या वाजल्या नाहीत. काही माणसं उठून गेली, आणि त्यातली काही पुढच्या रविवारी पुन्हा उस्मानपुऱ्यात दिसली. बाकीचे आपलं उघडं पान बघत बसून राहिले.

मोनिका घरी आली तेव्हा मनकर्णाबाईंनी भात मऊ करून ठेवला होता. सांडूचा फोटो त्याच्या जागी परत गेला होता. श्रेया हनुवटीची पट्टी सांभाळत हळूहळू जेवली. जेवण झाल्यावर मोनिकानं कपाटावरून नाही, ताटाशेजारी ठेवलेल्या डब्यातून गोळी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. श्रेयानं ती पाण्याबरोबर घेतली.