देवमनकाकांचा पेट्रोलचा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळातला नव्हे आणि बाभळीचाही नव्हे. मोटरसायकलच्या हँडलमागे गोल काचेखाली पेट्रोल किती उरले हे दाखवणारा छोटा काटा असतो ना, तो मी. माझ्या शेजारी वेगाचा मोठा काटा राहतो आणि आमच्या दोघांच्या मध्ये एक हिरवा दिवा. एवढेच आमचे घर. लोक त्याला मीटर म्हणतात.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एका ताईने बारीक कुंचल्याने माझ्या टोकाला नारिंगी रंग लावला आणि फुंकर मारून तो वाळवला. तिचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, फुंकर मात्र आठवते. पुढे मी ज्या गाडीवर बसलो, ती मंगरूळपीरला आली आणि आसेगावच्या देवमनकाकांनी घेतली.

काका टपाल वाटायचे. मागे खाकी पिशवी, डोक्याला दुपट्टा आणि समोर मी. पंधरा वर्षे आम्ही खेड्यांतून आणि तांड्यांतून फिरलो. कोणाला नोकरीचा कागद पोचवला, कोणाला परीक्षेचे पत्र. दररोज सकाळी काका दुपट्ट्याच्या टोकाने माझी काच पुसत आणि मला विचारत, "काय म्हणते टाकी?" मी पाव टाकीच्या खुणेवर उभा असलो, की ते आधी पंपावर जात. टाकी उघडून पाहावी असे त्यांना कधी वाटले नाही. एखाद्याने आपल्या शब्दावर इतके विसंबून राहावे, याहून मोठे कौतुक कोणते?

दोन वर्षांपूर्वी काका निवृत्त झाले. गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहू लागली. माझ्या काचेवर धूळ साचली आणि तिच्यावर कोंबडीच्या पायांचे ठसे उमटले. मला वाटले, संपले आपले.

पण त्यांची मुलगी सरिता नर्स झाली. आसेगावच्या दवाखान्यातून लस घेऊन आजूबाजूच्या वस्त्यांवर जाण्याचे काम तिला मिळाले. काकांच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यांनी आठ दिवस खपून गाडी खोलली, घासली आणि निळ्या रंगाने नखशिखांत रंगवली. हे काम त्यांनी कोणाला करू दिले नाही. सगळे परत जोडल्यावर एकही नट उरला नाही, याचा त्यांना फार अभिमान वाटला.

काकांच्या पत्नी बेबीकाकू दारातून बघत म्हणाल्या, "लेकीले गाडी देऊन राह्यले का गाडीचं लग्न लावून राह्यले?"

काकांनी माझी काच दोनदा पुसली.

पहिले काही महिने छान गेले. पावसाळा सरला आणि माझ्या अंगात काहीतरी बिघडले. सरिताने वळणावर इंडिकेटर लावला, की त्याच्या उघडझापीबरोबर मीही थरथर उडू लागलो. ब्रेक दाबला की आपोआप वर सरकायचो. मी स्वतःला आवरायचा खूप प्रयत्न केला, पण ते माझ्या हातात नव्हते. मला तारेतून जे कळते, तेच मी दाखवतो.

आणि मग तो बुधवार उजाडला. तांड्यावर मुलांना लस द्यायची होती. मी अर्ध्यावर उभा होतो आणि टाकी कोरडी होती. गाडी भर उन्हात, सोयाबीनच्या रिकाम्या शेतांमध्ये बंद पडली. सरिताने टोपण उघडून आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरू शकत नाही. खांद्याला लशीचा डबा अडकवून तिने दोन किलोमीटर गाडी ढकलत नेली.

ती पोचली तेव्हा अंगणवाडीसमोर वाट पाहून बाया घरी गेल्या होत्या. तिने घरोघर फिरून मुले गाठली. एकच मूल राहिले, चंदाबाईंचा नातू. त्याला गोवराची लस द्यायची होती आणि त्यांच्या घराला कुलूप होते.

शेजारचे रामधन म्हणाले, "थे बाजाराले गेले बाई. परवा दुपारी ऊसतोडीची गाडी येऊन राह्यली त्याइची. मंग चार-पाच महिने नाई येत."

त्या संध्याकाळी उसने पेट्रोल घालून सरिता घरी आली तेव्हा तिच्या हाताच्या तळव्यांना फोड आले होते. "बाबा," ती म्हणाली, "तुमचा काटा खोटा बोलते. मले आता या गाडीचा भरोसा नाई."

काका म्हणाले, "जुना झाला थो. बदलून टाकू."

मित्रांनो, मला टाकून देणार याचे दुःख झालेच. पण त्याहून जास्त दुःख झाले ते 'खोटा' या शब्दाचे.

शुक्रवारी सकाळी गाडीचा हॉर्नही वाजेना आणि दिवेही लागेनात. काका आणि सरिता तशीच गाडी घेऊन मंगरूळपीरला हुस्नाबानोच्या दुकानात आले. काकांच्या काखेत नव्या मीटरचा डबा होता. हुस्नाबानो गाड्यांच्या वायरिंगचे काम करते. आधी तिचे वडील युनूसभाई करायचे; त्यांचा हात थरथरू लागला, तेव्हापासून पाना तिच्या हातात आला.

"बेटा, हा नवा मीटर बसवून दे," काका म्हणाले. "आन लवकर कर. दुपारच्या आत हिले तांड्यावर जा लागते."

हुस्नाबानोने डब्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "बसवते काका. पन जुन्याचा कसूर हाय, हे कोनं सांगतलं तुमाले?"

"पेट्रोल नसताना अर्धी टाकी दावते. अजून काय पाह्यजे?"

"हॉर्न बी बंद हाय म्हनता ना? मीटर खराब असता तं हॉर्न काहून बंद पडला असता?"

हुस्नाबानोने सीट काढली आणि बॅटरी तपासली. ती ठणठणीत होती. मग टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याकडून माझ्याकडे येणारी तार तिने सोडून पाहिली, जोडून पाहिली. मी हललो, पण अर्धवट. तिने मान डोलावली. नंतर चावी चालू ठेवून तिने आपल्या तपासणी यंत्राची एक सुई मीटरच्या हिरव्या तारेला लावली आणि दुसरी बॅटरीच्या उणे टोकाला.

"इकडं या ताई, पाहा," तिने सरिताला बोलावले. "इथं जवळपास शून्य दिसाले पाह्यजे. अडीच व्होल्ट दावते. करंट येऊन राह्यला, पन त्याले परत जायाले रस्ता सापडून नाई राह्यला. हॉर्न, दिवे, मीटर, साऱ्याइचा परतीचा रस्ता एकच, अर्थिंगचा."

तिने हातभर तार घेतली. एक टोक त्या हिरव्या तारेला जोडले आणि दुसरे थेट बॅटरीच्या उणे टोकाला. त्या क्षणी मला जे वाटले ते कसे सांगू? नाक चोंदलेल्या माणसाला एकदम श्वास मोकळा मिळावा तसे. मी सरसर खाली आलो आणि पावाच्या जरा वर स्थिर उभा राहिलो. हॉर्न खणखणीत वाजला.

सरिताने लगेच टाकीचे टोपण उघडून आत डोकावले. "बरोबर हाय," ती हळूच म्हणाली.

"थो बरोबरच होता," हुस्नाबानो म्हणाली. "त्याच्या कानात चुकीचं सांगून राह्यलं होतं कोनी." तिने टाकी उचलली आणि ती हिरवी तार बोटाने चाचपत चेसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत गेली. तिथे तारेची गोल कडी एका बोल्टखाली घट्ट आवळलेली होती. कडीखाली निळ्या रंगाचा जाड थर होता आणि बोल्टच्या आट्यांवर पावसाळ्याचा गंज.

"हे पाहा. कडी लोखंडाले टेकलीच नाई, रंगावर बसली. बोल्टच्या भरोशावर दोन-चार महिने चाललं, मंग गंज चढला. कोनं रंगवली गाडी?"

काका खाली बसले. त्यांनी त्या जागेवर अंगठा फिरवला आणि मग लेकीकडे न पाहताच म्हणाले, "मीनं. तुयी गाडी नवी दिसली पाह्यजे म्हनून कुठंच जागा सोडली नाई. तुयी फजिती मायाच हातानं झाली."

मला वाटले, सरिता आता चिडेल. तिच्या तळव्यांचे फोड अजून सुकले नव्हते. पण ती वडिलांच्या शेजारी उकिडवी बसली. "बाबा, पॉलिश पेपर कोनता घेऊ, थे सांगा."

मग बापलेकीने मिळून तेवढी जागा घासली. खालचे लोखंड आरशासारखे चमकू लागल्यावर हुस्नाबानोने कडी बसवली, बोल्ट आवळला आणि वरून थोडे ग्रीस लावले. नवा मीटर डब्यातून बाहेर न येताच परत गेला.

आम्ही आसेगावला जाऊन लशीचा डबा घेतला आणि तांड्याकडे निघालो. सरिता गाडी चालवत होती आणि काका मागे बसले होते, दोन्ही हातांनी डबा मांडीवर धरून. आम्ही पोचलो तेव्हा ट्रक भरला होता. भांडी, गोधड्या, शेळ्या आणि त्यांच्या मधोमध नातवाला घेऊन चंदाबाई बसल्या होत्या. सरिताने हॉर्न दाबला. सकाळी तो वाजतच नव्हता.

चंदाबाई खाली उतरल्या. "मी परवा बारापर्यंत बसली होती बाई. मले वाटलं, तुमी आमाले विसरल्या."

"विसरली नाई मावशी. चूक आमची होती," सरिता म्हणाली.

ट्रकच्या सावलीत लस टोचली. पोराने तांडा डोक्यावर घेतला. सरिताने कार्डावर तारीख घातली आणि पुढची लस तिकडच्या दवाखान्यात कुठे मिळेल, ते चंदाबाईंना दोनदा समजावून सांगितले. ट्रक निघाला. पोर अजून रडतच होते आणि चंदाबाई हात हलवत होत्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणीतरी असेल. एखादे यंत्र असेल, एखादे म्हातारे माणूस असेल. त्याचे बोलणे एक दिवस विचित्र वाटू लागले, तर लगेच त्याला खोटे ठरवू नका. त्याच्यापर्यंत पोचणारी तार कुठे सुटली आहे का, एवढे वाकून बघा. आणि ज्याच्या हातून ती सुटली, त्याच्यावरही रागावू नका. पुष्कळदा ते हात मायेचेच असतात.

परतीच्या वाटेवर काका सरिताच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांनी मला मागच्या सीटवरून कधी पाहिले नव्हते. मी हळूहळू खाली उतरत होतो. फाट्याशी पोचल्यावर सरिताने एकदा माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता गाडी पंपाकडे वळवली.