गवतासकट

संग्रामसिंहानं गरिमाच्या हातातली गळाची काठी ओढली, गुडघ्यावर ठेवून मोडली आणि दोन्ही तुकडे तलावात भिरकावले, तेव्हा मी घाटावर गोधड्या आपटत होते. बाकीची लेकरं केव्हाच पळाली होती. गरिमा हलली नाही. दहा वर्षांची पोर, फ्रॉकला चिखल, मुठीत कणकेचा गोळा.

"आजोबा, मेरी डंडी क्यों तोडी?"

"तलावाचा ठेका आता माझा हाय. परत दिसलीस तर डंडी न्हाई, हात मोडीन."

"बारकी खोलशीच तर पकडून राहिले होते मी. तुम्ही तर ती फेकूनच देता."

त्यानं तिच्या कानाखाली एक ठेवून दिली. गोधडी तशीच पाण्यात सोडून मी धावले.

आता हा संग्रामसिंह काही परका नव्हे. गरिमाची आजी विजयाबाई, तिचा हा चुलत दीर. आमचं पागापुरा ग्वाल्हेरजवळच्या मोरारच्या पुढं, कच्च्या सडकेच्या कडेला. पूर्वी इथं फौजेची घोडी बांधायचे, त्या पागेवरून गावाचं नाव पडलं. दक्खनेतून फौजेबरोबर आलेल्या मराठ्यांची थोडी घरं, बाकी सगळी इकडची वस्ती. तलाव घोडी पाजायला खोदलेला. गावातल्या हरेक लेकरानं पहिला गळ त्याच पाण्यात टाकला. संग्रामसिंहानंही तिथंच टाकला. पण अवंदा त्यानं ठेका घेतला, रोहू-कतला माशांचं बी सोडलं, आणि पाण्यावर बसणारा बगळासुद्धा त्याला चोर दिसायला लागला.

मी गरिमाला घरी आणलं. विजयाबाई अंगणात बाजरी बडवत होती. पोरीच्या गालावरची बोटं तिनं बघितली, मोगरी खाली ठेवली, पदर खोचला आणि निघाली. मी मागोमाग.

संग्रामसिंह दारात खाटेवर जाळं शिवत होता.

"भावजी, पोरीवर हात टाकलात?"

"चोरी करत होती, वहिनी."

"बोटाएवढ्या मासळीची चोरी? ती तर तुमच्या जाळ्यातून गळून जाते."

"एकाला सूट दिली तर उद्या सगळा गाव येऊन बसंल." त्यानं दातानं दोरा तोडला. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, वहिनी."

"मासा कवापासून झालात तुम्ही?"

शेजारची बाई फिस्सकन हसली. संग्रामसिंहाचं तोंड लाल झालं. "कान देऊन ऐका. त्या तलावातून एक शेपूट जरी बाहेर गेलं, तर मी भावकी बघणार न्हाई."

"नका बघू. तुमचा तलाव तुम्हाला लखलाभ. आमच्या लेकरांचं तळं आम्ही करू."

बोलून आली खरी, पण तळं काय ताटात वाढून मिळतं? वाटेत मी म्हटलं, "विजये, रागाच्या भरात काय बोललीस हे?"

"रागाच्या भरात न्हाई, शांते. भट्टीवाल्याचा खड्डा हाय ना."

विजयाबाईच्या वावराच्या उताराला विटांच्या भट्टीवाल्यानं माती काढून नेली होती. तिथं ना मोहरी यायची, ना गवत. पावसाळ्यात पाणी साचायचं आणि दोन्ही बाजूंनी फुटून वाहून जायचं. संध्याकाळी तिनं दौलतसिंहांना, म्हणजे नवऱ्याला, सगळं सांगितलं. फौजेतून पेन्शनवर आलेला हा माणूस दिवसाला चार शब्द बोलला तर खूप. त्यांनी ऐकून घेतलं, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि बाहेर पडले. तेवढंच त्यांचं उत्तर.

पाऊस उलटायच्या आत खड्ड्याला मेड, म्हणजे मातीचा बांध, घातली. दौलतसिंहांनी माती ओढली, आम्ही बायकांनी ती तुडवली, लेकरांनी घमेली वाहिली. शेवटच्या सरींत तळं कमरेएवढं भरलं. गढूळ, पिवळं पाणी, पण टिकलं. लेकरं रोज शाळेतून आली की काठावर बसायची आणि पाण्याकडं बघायची.

"आजी, ह्यात मछली कधी येणार?"

शहरात थाटीपुरात नोकरीला असलेला विजयाबाईचा मुलगा, समरजीत, रविवारी आला. म्हणाला, "आई, मी शहरातून मासळीचं बी आणून देतो ना. इतनी सी बात."

"विकतचं नको. ज्या पाण्यावरून पोरीला हाकललं त्याच पाण्यातली पाहिजे."

"काय जिद्द आहे ही?"

"हाय. जिद्दच हाय."

तरी तिनं एकदा सरळ मागून बघितलं. जाळं निघायच्या वेळी घाटावर गेली आणि म्हणाली, "भावजी, बारकी मासळी तुम्ही टाकूनच देता. तेवढी जिवंत द्या, लेकरांच्या तळ्यात सोडते." संग्रामसिंहानं मोठी मासळी टोपलीत भरली. बारकी खोलशी, पोठी, सगळी ओंजळीओंजळीनं कोरड्या वाळूवर फेकली, आणि कावळे गोळा होईपर्यंत तिथंच उभा राहिला. विजयाबाईही उभी राहिली. शेवटची मासळी तडफडायची थांबली, मग घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

पण देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. पावसाच्या लोंढ्यात वरच्या नाल्यातून जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, वाहून आली होती. आधी चार-दोन चकत्या, मग चादर, मग पार गालिचा. कुवारचं, म्हणजे आश्विनातलं, ऊन पडलं. इकडं म्हणतात, कुवारच्या उन्हात हरणंसुद्धा काळी पडतात. त्या उन्हात जलकुंभी अशी माजली की अर्धा तलाव झाकला. जाळं टाकलं की वर गवत यायचं आणि जाळ्याच्या चिंध्या व्हायच्या. मोठी मासळी खाली आरामात. मजूर एक दिवस आले, जळवा चिकटल्या, दुसऱ्या दिवशी फिरकले नाहीत.

चहाच्या टपरीवर संग्रामसिंह कपाळाला हात लावून बसायला लागला. त्या सकाळी म्हातारे कृष्णराव होते, त्याचे सख्खे काका, आणि आणखी पाच-सहा माणसं. विजयाबाई डोईवर पदर घेऊन सरळ टपरीसमोर गेली. बाई माणूस तिथं कधी जात नाही, त्यामुळं सगळ्यांच्या माना वळल्या.

"भावजी, गवत आम्ही बायका काढून देतो."

त्यानं वर बघितलं. "मजुरी काय घ्याल?"

"मजुरी नको. काढलेलं गवत आमचं."

"त्याचं काय करणार?"

"वावरात कुजवीन. खत हुईल." तिनं कृष्णरावांकडं बघितलं. "पण बोलणं चोख पाहिजे. गवत, आणि गवतासकट जे वर येईल ते आमचं."

संग्रामसिंह कितीतरी दिवसांनी हसला. "गवतासकट काय येणार? जळवा अन् बेडकं! न्या, वहिनी, न्या. बेडकांचं लोणचं घाला."

"काका, ऐकलंत?" विजयाबाईनं कृष्णरावांना विचारलं.

"ऐकलं," म्हातारा म्हणाला आणि बशीतला चहा ओढला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही सात-आठ जणी तलावात उतरलो. कासोटे घातलेले, पायांना रॉकेल चोपडलेलं जळवांसाठी. पाणी वरून कोमट, खाली गार. चिखल गुडघ्यापर्यंत धरायचा. दाताळ्यानं गवत ओढायचं, दोरानं बांधायचं, काठाला आणायचं. जलकुंभीच्या खाली काळ्या मुळांच्या जटा लोंबतात, हातहातभर. पहिली मोळी काठाशी आली, तशी विजयाबाई म्हणाली, "फेकू नका. इकडं द्या." तिनं दुधाचा मोठा कॅन पाण्यानं भरून ठेवला होता. मोळी त्यावर धरली आणि मुळं झटकली.

टपटप टपटप. बोटाएवढी, पानाएवढी, चांदीच्या पत्र्यासारखी खोलशी. लाल ठिपक्यांची पोठी. कॅनमध्ये नुसती चमचम.

"अगं बया!" मी म्हटलं.

"हळू," ती म्हणाली. "बारक्या जिवाला मोठ्याची भीती असते. तो आसऱ्याला असाच कुठं तरी गवतात जाऊन लपतो. मला ठाऊक होतं."

दुपारपर्यंत तीन कॅन भरले. दौलतसिंहांनी हातगाडीवर घातले आणि भर उन्हात तळ्यावर नेले. लेकरांनी टाळ्या वाजवत मासळी सोडली. आम्ही अंग धुतलं, हसत घरी गेलो.

सकाळी तळ्यावर घारी फिरत होत्या. निम्म्याहून जास्त मासळी पांढरं पोट वर करून तरंगत होती. तापलेले कॅन, तापलेलं उघडं पाणी, कुठं सावलीचा तुकडा नाही. गरिमा गुडघाभर पाण्यात उभी राहून मेलेली मासळी वेचत होती आणि हमसून हमसून रडत होती. चापट खाऊन रडली नव्हती ती पोर.

विजयाबाई काठावर बसली. मग उठली, डोळे पुसले. "चुकलं. सावली न्यायला पाहिजे होती. शांते, दाताळं घे."

"आता परत?"

"बोलणं एका दिवसाचं न्हाई झालं."

पण घारी फक्त आम्हीच बघितल्या नव्हत्या. आम्ही दुसरा कॅन भरत होतो तेव्हा संग्रामसिंहाची फटफटी घाटावर येऊन थांबली. मागं त्याचे दोन जाळेवाले. तो उतरला, कॅनमध्ये वाकून बघितलं आणि लाथ मारली. कॅन कलंडला. मासळी चिखलात उडायला लागली. आम्ही बायका खाली बसलो आणि ओंजळीनं गोळा करून घमेल्यात टाकायला लागलो.

"चोर! सगळी भावकी चोर!" तो ओरडला. "गवत म्हणाली होतीस, गवत!"

विजयाबाई पाण्यातून वर आली. कमरेपर्यंत काळा चिखल, पोटरीवरून रक्ताची धार, जळवेची. आजवर त्याला 'भावजी'खेरीज दुसरं काही म्हणाली नव्हती.

"संग्राम," ती म्हणाली, "गवतासकट, असं म्हणाले होते मी."

"मासळी माझी हाय!"

"वाळूवर मेली तवा तुझी. गवतात जगली तर आमची. हे तुझ्याच तोंडानं ठरलंय."

"काय सबूत?"

तोवर अर्धा गाव घाटावर जमला होता. कृष्णराव काठी टेकत आले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. म्हातारा पुतण्याच्या घरात राहतो, पुतण्याच्या ताटात जेवतो. त्यांनी घसा खाकरला, तलावाकडं बघितलं, मग पुतण्याकडं.

"गवतासकट," ते म्हणाले. "अन् तू हसला होतास."

संग्रामसिंह दुसऱ्या कॅनकडं वळला. पाय उचलणार तेवढ्यात दौलतसिंह येऊन त्या कॅनवर बसले. खुर्चीवर बसावं तसे, निवांत. त्यांनी खिशातून बिडी काढली.

"उठा, दादा."

दौलतसिंहांनी बिडी पेटवली. "न्हाई."

संग्रामसिंहानं जाळेवाल्यांना खूण केली. ते दोघं एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हणाला, "साहब, दद्दा पर हाथ कैसे डालें," आणि फटफटीपाशी जाऊन उभा राहिला.

"घेऊन जा!" शेवटी संग्रामसिंह म्हणाला. आवाज फुटला होता. "पण आजपासून बोलणं मोडलं. परत कोणी पाण्यात पाय टाकायचा न्हाई."

"बाकीचं गवत तुला राहू दे," विजयाबाई म्हणाली. "बेडकांसकट."

ह्या वेळी आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. कॅन लिंबाखाली ठेवले, त्यांवर ओली पोती टाकली, आत जलकुंभीची दोन-दोन रोपं. सूर्य कलल्यावर गाडी हलली. तळ्याच्या एका कोपऱ्यात दौलतसिंहांनी बांबूची चौकट बांधली आणि तिच्या आत जलकुंभी सोडली. सावलीपुरती, बाहेर पसरणार नाही अशी. तिथं हळूच कॅन तिरपे केले. मासळी थोडा वेळ काठाशी दबकली, मग एकदम गवताखाली शिरली.

सकाळी आम्ही भीत भीत गेलो. पाण्यावर पांढरं काही नव्हतं. गरिमानं कणकेची गोळी टाकली. पाणी थरथरलं आणि गोळी गायब.

"आजी! खा गई! जिंदा हैं सब!"

विजयाबाईनं तोंडावर पदर धरला. हसत होती का रडत होती, मी काही विचारलं नाही.

दिवाळी झाली. थंडी पडली. मोहरीला पिवळा फुलोरा आला. अर्धं काढलेलं गवत महिन्याभरात पुन्हा वाढलं आणि पहिल्यापेक्षा दाट झालं. आता पागापुऱ्याचा तलाव एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हिरवा आहे, वर जांभळी फुलं. ग्वाल्हेरहून येणारे-जाणारे गाड्या थांबवून फोटो काढतात. म्हणतात, "कितना सुंदर है!" संग्रामसिंह टपरीवर पाठ फिरवून बसतो.

मागल्या आठवड्यात त्यानं कृष्णरावांकडून निरोप धाडला. बायकांनी परत गवत काढावं. मजुरी देईन. गवतासकट न्या म्हणावं, हवं ते.

विजयाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. कृष्णरावांना तिनं पाट दिला, गुळाचा खडा दिला.

"काका, त्याला सांगा, मजुरी नको अन् मासळी बी नको. त्यानं इथं यावं. गरिमासमोर उभं राहावं आणि म्हणावं, पोरी, तलाव तुझाबी हाय. मग आम्ही दाताळी घेऊन येतो."

"तो येणार न्हाई, पोरी. हट्टी हाय."

"मग मीबी हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "गवताला काय घाई हाय? वाढू द्या."

तो अजून आलेला नाही. खड्ड्याचं पाणी अजून गढूळच आहे, आणि शाळा सुटली की त्या गढूळ पाण्याभोवती एवढा कलकलाट होतो की सडकेवरची माणसं वळून बघतात.