नाव न लिहिलेला बोर्ड

हेल्वी कांतोलाला संगणकाचे बोर्ड बनवणाऱ्यांचा मनापासून तिटकारा होता. ओउलू शहरातल्या कचेरीत बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती: संगणक चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदात धावणारा कोड सांभाळणं. तेव्हा पडदा काळा असतो, डिस्क जागी झालेली नसते, आणि बोर्डात खोट असली तर ती तिथेच ओळखून बाजूने वाट काढावी लागते. "यांनी शेण खायचं आणि आपण निस्तरायचं," असं ती रोज एकदा तरी म्हणायचीच.

या वेळी तक्रार एरो पुल्किनेन नावाच्या गोठेवाल्याची होती. नव्या गोठ्यात दूध काढणारं यंत्र ज्या संगणकावर चालायचं, तो सुरूच होईना. वेळेचे ठोके देणारी बोर्डावरची चिप, म्हणजे टायमर, ठोकाच देत नव्हती, आणि सिस्टिम त्या ठोक्याची वाट बघत जागच्या जागी थिजत होती. उपाय सोपा होता. बोर्डाचं नाव वाचायचं, तोच नाठाळ बोर्ड असला तर टायमर बंद करायचा आणि प्रोसेसरच्या घड्याळावर भागवायचं.

बोर्डात साठवलेलं नाव होतं, 'उत्पादकाने येथे नाव भरावे'.

"बघ! मेल्यांना बारसं करायचेही कष्ट नकोत," हेल्वी म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या तापानीने कॉफीचा कप खाली ठेवला. "अगं हेल्वी, ही ओळ हजारो बोर्डांवर तशीच असते. चिपचा नंबरही जुळवून बघ. नाहीतर सुक्याबरोबर ओलंही जळेल."

"जळू दे. ज्याला नाव लिहायचा कंटाळा, त्याचा टायमर काय धड असणार? सगळे एकाच माळेचे मणी."

तापानी पुन्हा आपल्या कीबोर्डकडे वळला. बावीस वर्षांच्या अनुभवापुढे कोड तपासणाऱ्या बाकीच्यांनी मान डोलावली. कोड अपडेटमधून सगळीकडे गेला, एरोचं यंत्र सुरू झालं, आणि हेल्वीने नाक मुरडत पुढची तक्रार उघडली.

तीन आठवड्यांनी सकाळी एरोचा फोन आला. मागे गाई हंबरत होत्या.

"बाई, नवा गोठा झकास चाललाय. पण जुन्या गोठ्यातला संगणक पहाटे आपोआप अपडेट झाला आणि आता उठतच नाही. नऊ वर्षांत एकदा कुरकुरला नव्हता हो."

"त्याच्या बोर्डाचं नाव काय?" विचारतानाच तिने तो कोड पडद्यावर उघडला.

"नाव कुठलं? उत्पादकाने भरावे, एवढंच आहे."

त्या जुन्या प्रोसेसरचं स्वतःचं घड्याळ भरवशाचं नव्हतं. नऊ वर्षं चोख चाललेला तो टायमर हाच त्याचा एकमेव आधार, आणि तोच हेल्वीने बंद पाडला होता. तिला स्वतःची किळस आली. तापानीने आपला पडदा तिच्याकडे वळवला. चिपचा नंबर तपासणाऱ्या दोन ओळी त्याने तीन आठवड्यांपूर्वीच लिहून ठेवल्या होत्या. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"दोन तासांत करून देते," ती फोनवर म्हणाली.

"तोवर हातानं काढतो. चाळीस गाई आहेत, कासा तटतटल्यात बिचाऱ्यांच्या." एरोच्या आवाजात राग नव्हता. नवशिक्या गड्याला समजवावं, तशा सुरात तो पुढे म्हणाला, "पण घाई करू नका, बाई. या वेळी जरा नीट बघून करा."