दहापैकी दोन

"अजून जोरात! नाश्ता करून आलात ना सगळे?" सूदसाहेब पायरीवरून ओरडले, आणि कारखान्याच्या अंगणात उभ्या असलेल्या शंभर-सव्वाशे माणसांनी थंडीनं आखडलेले हात तिसऱ्यांदा बडवले.

रागिणीनंही बडवले. बडवता बडवता सवयीनं आपल्या विभागातल्या बायका मोजल्या. चौदा. सगळ्या आल्या होत्या. एक्क्याण्णवच्या त्या डिसेंबरात माणसं मोजायची खोडच लागली होती तिला. अर्ध्या तासापूर्वी तीन वर्षांच्या लेकीला, निशिगंधाला, पाळणाघरात सोडताना तिनं बेवारस बॉम्बचा रोजचा पाठ घेतला होता. "रस्त्यात ट्रान्झिस्टर दिसला, खेळणं दिसलं, तर?" पोरगी जांभई देत म्हणाली होती, "हाथ नहीं लगाना, मम्मा." मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर, तेही असं.

सूदसाहेब दोन महिन्यांपूर्वी कसौलीला तीन दिवसांचं शिबिर करून आले होते. कामगारांचा उत्साह कसा वाढवावा, याचं. तेव्हापासून रोज सकाळी टाळ्या, आणि दर शनिवारी विभागप्रमुखांनी भरायचा एक तक्ता. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे मनोबलाचे गुण, दहापैकी. शेवटी 'कारण व उपाय' असा रकाना.

तो रकाना पाहून रागिणीला बरं वाटलं होतं. बी.एस्सी. झालेली बाई, रकाना दिसला की तो खरेपणानं भरायचा, एवढं तिला पक्कं ठाऊक. चला, कोणीतरी विचारतंय तरी, असं तिला वाटलं होतं.

टाळ्या संपल्या. आत जाताना आस्थापना विभागातले पेंडसे दारापाशी तिची वाट पाहत उभे होते. मूळचे वाईचे, महाराष्ट्र मंडळामुळे घरोबा झालेला.

"वहिनी, जरा या इकडे. तुम्ही त्या परमिंदर कौरच्या नावापुढे काय लिहिलं होतंत?"

"का हो?"

"काल मी तिचं पत्र टाइप केलं. महिन्याची नोटीस. तुमच्या तक्त्याचा हवाला आहे त्यात."

रागिणीला आधी कळलंच नाही. मग कानशिलं तापली.

तिनं परमिंदरला दोन गुण दिले होते. पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'पावणेपाचची बस मिळत नाही, अंधारातल्या बसची भीती. चारनंतर हात थरथरतात. तासभर आधी सोडल्यास सुधारेल.' परमिंदर मोरिंड्याच्या पुढून यायची. जूनमध्ये त्या रस्त्यावर अतिरेक्यांनी संध्याकाळची बस अडवून नऊ माणसं खाली उतरवून मारली होती. त्यांतला एक तिच्या शेजारचा शिंपी. कारखाना सुटायचा साडेपाचला. जेवणाची सुट्टी सोडून देते पण मला लवकर जाऊ द्या, असा अर्ज तिनं दोनदा केला होता. जीव टांगणीला लागल्यासारखी ती रोज दुपारी चारनंतर घड्याळाकडे बघत बसे. आणि तरीही मीटरच्या काट्याला केसाएवढी स्प्रिंग बसवण्यात तिच्या हाताला तोड नव्हती.

"अहो, मी तिला बस मिळावी म्हणून दोन दिले!"

"ते मला कळतं हो. वरती फक्त 'हात थरथरतात' एवढंच वाचलं."

रागिणी तशीच सूदसाहेबांच्या केबिनमध्ये घुसली.

"या, मॅडम, या! चहा घेणार?"

"परमिंदरचं पत्र मागे घ्या, सर. तुम्ही उपायाचा रकाना वाचलाच नाहीत."

"वाचला ना." साहेबांचा आवाज तुपासारखा. "पण एकीला सोडलं तर उद्या सगळ्या मागतील. आणि खरं सांगू का, मरगळ ही सर्दीसारखी असते. एकीची दुसरीला लागते. आम्हांला शिबिरात हेच सांगितलं. विभाग हसरा पाहिजे, मॅडम."

"ती घाबरलीय, सर. मरगळलेली नाही."

"घाबरलेलं कोण नाही? भीती गेटच्या बाहेर ठेवून यायची. ॲटिट्यूडचा प्रश्न आहे."

"तुमची गाडी चारला निघते." रागिणीचा आवाज चढला. आता चढलाच आहे तर चढू दे, असं तिनं ठरवलं. "सोबत बंदूकवाला असतो. तुम्ही का नाही भीती गेटच्या बाहेर ठेवत?"

सूदसाहेबांनी कप खाली ठेवला. "मला धमकीचं पत्र आलंय. तुम्हाला माहीत आहे ते."

"तिला कोण पत्र पाठवणार? ती त्याच रस्त्यावरच्या बसमध्ये रोज आपणहून जाऊन बसते."

मग साहेब हसले. तेच शिबिरातलं हसू. "तुमचे मिस्टर एअरफोर्समध्ये. तुम्ही हौसेनं नोकरी करता. तुम्हाला असं बोलणं परवडतं, त्या बाईला नाही. बरं, तुमच्यासाठी एक करतो. तिच्याकडून लिहून आणा, मी समाधानी आहे, वेळेबद्दल तक्रार नाही. तुम्ही दोनाचे आठ करा. पत्र फाडून टाकतो. आजच्या आज."

रागिणी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात साहेबांनी दिलेला कोरा कागद होता. तो त्यांच्या तोंडावर भिरकावून यायला हवा होता. का नाही भिरकावला? रागाला वाटच फुटत नव्हती. कारण निम्मा राग स्वतःवरच होता.

परमिंदर डोळ्याला भिंग लावून बसली होती. चाळिशीची, भरल्या अंगाची, कपाळावरचा दुपट्टा घट्ट. रागिणीनं शेजारचं स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. दोन गुण, रकाना, पत्र, कागद. काही लपवलं नाही.

परमिंदरनं चिमट्यातली स्प्रिंग आधी जागेवर बसवली. मग भिंग काढलं.

"मॅडमजी, तुम्ही मला न विचारताच लिहिलंत?"

"तुझ्या भल्यासाठी, ग."

"भलं झालं मग." ती पुढच्या बाकाकडे वळून म्हणाली, "ऐकलं का नी, सरला? मी नापास!" सरला खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"आणि स्वतःला किती दिलेत?" परमिंदरनं विचारलं.

रागिणीनं हातातला कागद उलटा केला.

"सांगा ना, जी."

"आठ."

"आठ!" परमिंदरनं मान डोलावली. "चांगले आहेत. रोज सकाळी टाळ्या वाजवताना तुमचं तोंड बघते मी. आठ!"

"परमिंदर, सही करू नकोस. मी भांडते. वर हेड ऑफिसला लिहिते. आपण सगळ्या मिळून..."

"आणि तोवर माझ्या पोरी काय खातील, तुमचा अर्ज?" पहिल्यांदाच ती चिडून बोलली. "घरी दोघींना रोज सांगते, मला भीती नाही वाटत. एकदा इथेही सांगते. आणा तो कागद. आणि आठ कशाला, दहा लिहा. साहेबांच्या बापाचं काय जातंय?"

तिनं गुरुमुखीत सही केली. सावकाश, ठसठशीत. हात जराही थरथरला नाही. रागिणीनं दोनाचा आकडा खोडून आठ केला.

पत्र फाटलं. सूदसाहेबांनी "शाबाश, टीमवर्क!" म्हणून रागिणीचं कौतुक केलं, आणि चारला त्यांची गाडी गेली. पावणेपाच वाजले. कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. चौदा बायका माना खाली घालून स्प्रिंगा बसवत राहिल्या.

साडेपाचला भोंगा झाला तेव्हा बाहेर दिवे लागले होते, धुकं उतरत होतं. रागिणी परमिंदरच्या मागोमाग चौकातल्या थांब्यापर्यंत गेली.

"तुम्ही कशाला? पाळणाघर सहाला बंद होतं ना तुमचं?"

"बस येईपर्यंत थांबते."

"थांबून काय करणार?"

रागिणी थांबली. पोरगी दाराशी कोट घालून उभी असेल, हे तिला दिसत होतं, आणि तरीही पाय हलेनात. दहा मिनिटं गेली. माफी मागावी तर ती परमिंदरनं दिली पाहिजे, एवढं ओझं आणखी तिच्यावर कशाला?

बस आली. परमिंदर चढली, वळून पाहिलं नाही. तिला थांब्याकडची खिडकी मिळाली. काचेमागे तिचा चेहरा दिसला. रागिणीनं हात वर केला.

कंडक्टरनं शिट्टी मारली, आतला दिवा विझला. परमिंदरनं दुपट्टा पुढे ओढला आणि हळूहळू सीटवर खिडकीच्या खाली सरकली. तिच्या पुढची म्हातारी सरकली, मागचे दोघे सरकले. सगळेच सरावलेले.

बस चौक ओलांडून गेली तेव्हा तिच्या एकाही खिडकीत माणसाचं डोकं नव्हतं.