पुठ्ठ्याच्या फोनची बारावी चौकट

ज्या वर्षी धाकटीला मुलगी झाली, त्याच वर्षी माझा जन्म झाला. मी एक जुना पुठ्ठ्याचा फोन आहे. हसू नका, मित्रांनो. बुटांच्या खोक्याचं झाकण कापून थोरलीने मला जेवणाच्या टेबलावर घडवलं. मला दोन चिरा पाडल्या आणि त्यांतून कागदाची लांब पट्टी ओवली. पट्टीवर चौकटी आखलेल्या होत्या. पट्टी खालून ओढली की माझं चित्र बदलायचं.

थोरली ही धाकटीची बहीण. गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना सल्ला देणारं अ‍ॅप बनवणं हे तिचं काम. ते बायकांना नीट समजतं का, हे आधी माझ्यासारख्या खोट्या फोनवर बघून घेतात. चुकलं तर खोडरबराने पुसता येतं. थोरलीचा माझ्यावर भारी जीव. कुठे न्यायचं तर ती मला रुमालात गुंडाळून न्यायची.

बाळ नऊ दिवसांचं झालं, तेव्हा ती मला घेऊन धाकटीकडे गेली. दुपारची वेळ होती. खाटेवर धाकटी, शेजारी तिच्या सासूबाई आणि उशाशी नुकतीच प्रवासातून आलेली मावशी. या बहिणींच्या आईची ती मोठी बहीण. चाळीस वर्षं तिने सुईणपण केलं होतं.

थोरली पट्टी ओढू लागली. बाळ दूध पितं का, झोपतं किती, नाळ कोरडी आहे का, असे प्रश्न येत गेले. धाकटी बोट टेकवत होती. सासूबाईही हौसेने मध्येच बोट लावायच्या आणि काहीच होत नाही म्हणून मला हलवून बघायच्या. अकराव्या चौकटीत प्रश्न होता, तुमची तब्येत कशी आहे? खाली तीन चेहरे होते, हसरा, साधा आणि रडका.

सासूबाई प्रेमाने म्हणाल्या, "हसरा दाब गं. लेक बघ कशी गोड झोपलीय."

धाकटीने हसरा दाबला. थोरलीने खूश होऊन वहीत खूण केली.

मग मावशीने मला मागून घेतलं. ती साठीनंतर अक्षरं शिकली होती, त्यामुळे बोट ठेवून एकेक शब्द जुळवत वाचायची. तिने पहिल्यापासून सगळी पट्टी वाचली. चहा निवला, पण कुणी घाई केली नाही. घाई केली की मावशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"दहा चौकटी लेकराच्या," ती थोरलीला म्हणाली, "आणि आईला एक तोंड. चारचौघांत कोण बाई रडकं तोंड दाबेल गं?"

पेन्सिल घेऊन तिने पट्टीच्या शेवटी एक घड्याळ काढलं. त्याखाली तीन पॅड काढली, थोडं भिजलेलं, अर्धं भिजलेलं आणि पूर्ण भिजलेलं. बाळंतपणानंतर काही दिवस रक्त जातं, पण ते हळूहळू कमी व्हायला हवं. तासाभरात पूर्ण पॅड भिजलं तर तडक दवाखाना गाठायचा. मावशीने सासूबाईंना बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं आणि मला धाकटीपुढे धरलं.

धाकटीचं बोट बराच वेळ अधांतरी राहिलं. मग ते पूर्ण भिजलेल्या पॅडवर टेकलं.

"सकाळपासून," ती हळूच म्हणाली. "सगळे एवढे आनंदात आहेत. म्हटलं, कशाला सांगायचं."

लगेच गाडी बोलावली. सासूबाई बाळाला छातीशी धरून अनवाणीच गाडीत बसल्या. मी खाटेवर पडून राहिलो. पाच दिवसांनी धाकटी चालत घरात आली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

खरं अ‍ॅप झालं, तेव्हा मावशीची बारावी चौकट त्यात सगळ्यात पुढे आली. तिच्याही आधी थोरलीने एक प्रश्न घातला, आत्ता तुम्ही एकट्या आहात का? ऑफिसात नवं माणूस आलं की आधी मला दाखवायचे. पुढे मी खणात गेलो. कुणीतरी माझ्यावर चहाचा कप ठेवला, त्याचं वर्तुळ अजून माझ्या अंगावर आहे.

यंदा धाकटीच्या मुलीने मला शोधून काढलं. ती आता दहा वर्षांची आहे. तिने माझ्या चिरांच्या फाटलेल्या कडा चिकटपट्टीने सांधल्या आणि मला मावशीकडे नेलं. मावशी अंथरुणाला खिळली होती. येणारा जाणारा तिला सांगायचा, आता बरी दिसतेस हो. मुलीने पट्टी ओढून अकरावी चौकट आणली आणि मला मावशीपुढे धरलं. मावशीने रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मुलगी तिचा हात हातात घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आलं की पाळण्यात जरूर डोकवा. पण त्याच्या आईलाही विचारा, तुला कसं वाटतंय? आणि ती खरं सांगेपर्यंत तिथेच थांबा.

मुलीने मला मावशीकडे नेलं, त्यानंतर अकराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, मावशी वारली. ती ब्याऐंशी वर्षांची होती.