लोकरीचे बोळे

तोरेसेकाच्या स्टेशनात गाडी येत नव्हती, पाहुणे येत होते. खाणीतलं लोखंड समुद्राकडे नेणारी गाडी बंद पडली, मग शाळा बंद पडली, मग पाववाल्यानं भट्टी विझवली. रूळ उपटून भंगारात गेले. त्यांच्या जागी बारीक खडी दाबून सायकलवाट केली, स्टेशनाला चुना फासून आत खोल्या पाडल्या आणि दारावर पाटी लावली : इथून शांतता सुरू होते. शांतता कुणी पेरली नव्हती. गाव मरत गेलं तशी ती उगवली होती, आणि आता एका शहाण्यानं ती विकायला काढली होती.

शहाण्याचं नाव गोन्सालो. वालेन्सिया शहराचा. एल्विरा त्याच्याकडे वाटाड्याचं काम करायची. हॉलंडची, जर्मनीची माणसं सायकलींवर घेऊन बोगद्यांतून, पुलांवरून, बदामाच्या वाड्यांमधून न्यायची, वाटेत पाव-चीज खाऊ घालायची आणि पुढच्या गावी पोचवायची. त्याआधी बरीच वर्षं तिनं शहरात हॉटेलांच्या चादरी बदलल्या होत्या. आई गेली तेव्हाही ती तिथंच होती. या कामामुळे ती घरी परतली होती, एकट्या मेंढपाळ बापाजवळ. काम गेलं असतं तर पुन्हा चादरी होत्याच.

"एल्विरा, मला मेंढरांचं वावडं नाही," गोन्सालो एकदा म्हणाला. "पण पहाटे खिडकीखालून ढणढण, ढणढण! लोक विचारतात, शांतता म्हणून बोलावता आणि घंटा बडवून उठवता?"

"ती वाट मेंढरांचीच होती. रूळ नंतर आले."

"असू दे की. मी मेंढरं काढा म्हणतोय का? घंटा काढा म्हणतोय. तुझ्या वडिलांना समजाव. नाहीतर मला सहली दुसऱ्या दरीत न्याव्या लागतील. मग तुझं इथं काय काम राहतं, तूच सांग."

याच माणसानं प्रत्येक सायकलीला घंटी सक्तीची केली होती. सायकलवाल्याची घंटी म्हणजे शिस्त, आणि मेंढराची घंटा म्हणजे गोंगाट.

बाप मेंढवाड्यात एका घंटेचा आतला लाकडी लोळा तासत बसला होता. सातुर्निनो त्याचं नाव, गाव सातुर म्हणायचं. एल्विरानं भीतभीतच विषय काढला. म्हाताऱ्यानं चाकू थांबवला, टोपी मागे सारली आणि हसला.

"काय गं, मी मेलो की काय? मला कुणी सांगितलं नाही!"

त्या डोंगरात मेंढरांच्या गळ्यातून घंटा एकदाच उतरतात, मालक मरतो तेव्हा. त्या दाराच्या खिळ्याला टांगायच्या आणि कळपात पहिलं कोकरू जन्मेपर्यंत तशाच ठेवायच्या. मेंढरांचं सुतक.

"बाबा, चेष्टा नको ना करूस. माझ्या कामाचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या कामाचा? घंटा काय शोभेला बांधल्यात? धुक्यात मला कळप कसा दिसणार?"

"तुला दिसतो. डोळे मिटले तरी दिसतो तुला."

"हं. लोणी लाव," म्हातारा म्हणाला आणि परत लोळा तासू लागला.

खरं तर त्या घंटा सातुरपेक्षा गावच जास्त ऐकायचं. त्यानं त्या एकेक करून सुरात लावलेल्या होत्या. म्होरक्या मेंढ्याची मोठी घंटा सगळ्यांत खाली, म्हाताऱ्या मेंढ्यांच्या मधल्या आवाजाच्या, अवखळ पोरींच्या किणकिण्या. गावात उरलेल्या बाया दाराशी खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसायच्या आणि हात न थांबवता सांगायच्या, सातुर खिंडीत आहे, सातुर डोणीवर पाणी पाजतोय. दुपारी आवाज डोणीवरून आला नाही, एका जागी साचला किंवा पांगला, की कुणीतरी उठून बघायला जायचं. सातुरच्या बापाचा पाय मोडला तेव्हा तो असाच सापडला होता. याला कुणी सुरक्षा वगैरे म्हणत नव्हतं. म्हटलं असतं, तर कदाचित गोन्सालोनं पाटीवर लिहिलं असतं.

एल्विराला हे माहीत नव्हतं असं नाही. ती त्याच आवाजात वाढली होती. पण माणूस शहरात राहून आला की त्याला घरचा आवाज नुसता आवाज वाटायला लागतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्टेशनासमोर सायकलींची हवा तपासत होती. वळणावरून कळप आला. घंटा सगळ्यांच्या गळ्यात होत्या, पण एकही वाजत नव्हती. धुक्यातून नुसते खूर येत होते. म्हाताऱ्यानं प्रत्येक घंटेत मळक्या लोकरीचा बोळा कोंबला होता.

"काढल्या नाहीत," तो लेकीजवळून जाताना म्हणाला. "जिभा बांधल्यात. चालेल ना तुझ्या साहेबाला?"

तिनं त्याच्या गालाचा मुका घेतला. तिला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

गावातलं शेवटचं घर प्राशेदेसमावशीचं. मावशी कुणाची सख्खी नव्हती, सगळ्या गावाची होती, आणि जिभेला तिच्या हाड नव्हतं.

"ए सातुर, मेंढरं चाललीत की चोर?"

"पोरगी घरी आलीय, मावशी. सकाळी चुलीवर दोघांची कॉफी असते. तेवढ्यासाठी मेंढरंच काय, मीपण तोंडात बोळा घालीन."

"घाल की. गावाला तेवढीच विश्रांती."

दोघं हसली. सगळा उन्हाळा कळप मुका फिरला. पाहुणे खूश, गोन्सालो खूश. एल्विराला त्यानं पुढच्या वर्षीही ठेवायचं कबूल केलं. बाया दाराशी बसायच्या, वाटाणे सोलायच्या, आणि आता त्यांना काही सांगता यायचं नाही. हळूहळू त्यांनी ऐकणं सोडून दिलं.

बदाम झोडायचे दिवस होते. एल्विरा पाहुण्यांना घेऊन मोठ्या पुलावर थांबली, नेहमीसारखी. खाली खोल दगडी ओढा, वर घिरट्या घालणारी गिधाडं. सायकली कठड्याला टेकवल्या, पाव कापला, त्यावर टोमॅटो चोळला, चीज वाटलं. मग ती नेहमीचं वाक्य बोलली. या वाक्यावर पाहुणे फार खूश व्हायचे.

"आता सगळे गप्प राहा आणि ऐका. ऐकलंत? काहीच नाही!"

सगळ्यांनी डोळे मिटले. एक डच बाई रडली. म्हणाली, असं काहीच-नाही तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पुलाखाली, जुनिपरच्या झुडपांआड, सातुर पडला होता. निसटत्या दगडावरून घसरला होता. मांडी मोडली होती आणि बरगड्या आत गेल्या होत्या, शीळ घालायलाही छातीत वारा नव्हता. मेंढरं त्याच्याभोवती गोळा होऊन उभी होती. भर दुपारी, डोणी सोडून, एका जागी. मोठी घंटा त्या मेंढ्याच्या गळ्यात हलत असणार. सगळ्याच हलत असणार.

संध्याकाळी तहानेनं कळप आपला आपण घरी आला. कुणी ऐकला नाही. प्राशेदेसमावशी कोंबड्या कोंडायला उठली तेव्हा मेंढरं तिच्या दारात होती. मागे माणूस नव्हता. मावशी जोरात ओरडली. एल्विरा पाहुण्यांना पोचवून परतत होती, ती सायकल टाकून धावत सुटली. म्होरक्या मेंढ्यानंच तिला वाट दाखवली.

डॉक्टर तालुक्याहून आला. भला माणूस होता, पण त्याला कुणी आवरायला हवं होतं.

"दुपार टळेपर्यंत जिवंत असावेत," तो म्हणाला. "लवकर कळलं असतं तर..."

एल्विरानं त्याला पुढचं बोलू दिलं नाही.

पुरून आल्यावर गाव मेंढवाड्यात जमलं. गाव म्हणजे काय, सात-आठ म्हातारी माणसं. घंटा उतरवायच्या होत्या. एका म्हाताऱ्यानं पहिला पट्टा सोडायला हात घातला आणि घंटेतला बोळा त्याच्या बोटांना लागला. तो थांबला. सगळ्यांनी एल्विराकडे बघायचं टाळलं, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

"काय उतरवायचं यातलं?" प्राशेदेसमावशी म्हणाली. "या तर केव्हाच उतरल्यात."

एल्विरा पुढे झाली. गुडघ्यांवर बसली. म्हाताऱ्याचा हात बाजूला करून तिनं बोटानं बोळा उकरला. लोकर घट्ट बसली होती, बापानं अंगठ्यानं दाबून दाबून भरली होती. मग दुसऱ्या मेंढीची घंटा. मग तिसरी. नखं दुखावली, पण तिनं चाकू घेतला नाही. जसजसे बोळे निघत गेले तसतसा मेंढवाडा वाजू लागला. आधी एक किणकिण, मग दोन. शेवटी मोठी घंटा. ती वाजली तेव्हा कोपऱ्यातली म्हातारी माणसं उभी राहिली, जणू कुणी आत आलं.

तिनं फाटक उघडलं. कळप रोजच्या सवयीनं सायकलवाटेवर उतरला. स्टेशनाच्या ओट्यावर नवे पाहुणे कॉफी पीत होते, गोन्सालो त्यांना नकाशा दाखवत होता. ढणढण करत मेंढरं त्यांच्या सायकलींमधून निघून गेली. गोन्सालोनं तोंड उघडलं, एल्विराचे काळे कपडे बघितले आणि मिटलं. पाहुण्यांतल्या एकानं मात्र टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं हे स्वागत आहे.

डोणीपर्यंत जाऊन ती परतली. प्राशेदेसमावशी आपल्या दाराशी खुर्चीत बसली होती. मांडीत पाखडायचं सूप होतं, पण हात थांबलेले होते. तिनं सगळं ऐकलं होतं, खिंडीपासून डोणीपर्यंत, डोणीपासून घरापर्यंत.

"आता कशाला गं?" ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "आता तो कुठं हरवायचाय?"

"वाजत्या उतरवायच्या होत्या, मावशी."

"हं," म्हातारी म्हणाली. खुर्ची सारून उठली. "चल. माझी बोटं अजून चालतात."

दोघींनी मिळून पट्टे सोडले. घंटा एकेक करून दाराच्या खिळ्याला गेल्या आणि मेंढवाडा पुन्हा मुका झाला. शेवटी मोठी उतरवली. म्होरक्या मेंढ्यानं मान हलवली आणि काही वाजलं नाही. त्यानं परत हलवली. मग तो कान टवकारून पुलाच्या दिशेला तोंड करून उभा राहिला, आणि एल्विरानं शिंगाला धरून ओढलं तरी जागचा हलेना.