घंटा थांबली की मी बंद होतो

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नाही, देवळाचा नाही, शाळेचाही नाही. ज्या दालनात साऱ्या राज्याचे कायदे होतात, त्या विधानसभेच्या सभागृहाचा मी दरवाजा. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, दाराला कसली आली गोष्ट? उघडायचे आणि मिटायचे, संपले! पण थोडा धीर धरा. मिटण्यासारखे साधे कामसुद्धा किती जड असते, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

दोन सुतार भावांनी मला घडवले. थोरल्याने डावी फळी केली, धाकट्याने उजवी. दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. एकाने रंधा ठेवला की दुसरा म्हणे, "दादा, हे लाकूड तासतोयस की कांदा चिरतोयस?" थोरला म्हणे, "तू तुझ्या फळीपुरतं बघ." दिवसभर त्यांचे असे चाले. पण ज्या दिवशी त्यांनी मला चौकटीत बसवले, त्या दिवशी माझ्या दोन्ही फळ्या अशा जुळल्या की मधून कागदही जाईना. धाकट्याने फळ्यांवरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच थोरल्याला म्हणाला, "जमलं हो दादा." तेवढे ऐकून थोरल्याने तोंड फिरवले आणि उगाचच पटाशी पुसत बसला.

नव्या नवलाईचे दिवस फार चांगले गेले. पाहुणे येत, माझ्यावरची नक्षी बघत, पितळी मुठीत आपला चेहरा बघून केस सारखे करत. पुढे नक्षीत धूळ साचली, मूठ काळवंडली. माझ्याकडे कोणी बघेनासे झाले. मी मात्र बघत राहिलो. माझी एक बाजू सभागृहात, दुसरी लांबलचक व्हरांड्यात. आत माणसे काय बोलतात आणि बाहेर आल्यावर काय बोलतात, हे दोन्ही ऐकणारा इथे मी एकटाच.

आता माझे खरे काम सांगतो. एखाद्या विधेयकावर, म्हणजे होऊ घातलेल्या कायद्यावर, चर्चा संपली की अध्यक्ष विचारतात, कोण बाजूने आणि कोण विरुद्ध? सगळे आपापल्या जागेवरून "होय" किंवा "नाही" ओरडतात. आवाजावरून निवाडा होईना, तर मतविभाजन होते. मोठी घंटा वाजू लागते. उपाहारगृहात, वाचनालयात, जिन्यात, जिथे कुठे आमदार असतील तिथून ते धावत येतात. घंटा थांबली की दारवान मला बंद करतो. मग आतले लोक दोन बाजूंच्या दोन खोल्यांत जातात, एक "होय"वाल्यांची, एक "नाही"वाल्यांची, आणि तिथे डोकी मोजली जातात. मोजणी संपेपर्यंत मी उघडत नाही. जो बाहेर राहिला, तो राहिला. मग तो साधा आमदार असो की मुख्यमंत्री.

या कामाचा मला अभिमान होता. लहानमोठा, आपला-परका न बघता बंद होणे, याला मी न्याय समजत होतो. आजही समजतो. पण एका दिवसाने मला त्यापुढचे थोडे शिकवले.

त्या दिवशी विधेयक होते छोट्या शाळांचे. ज्या शाळेत मुले अगदी थोडी, ती बंद करायची आणि मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यायचे, असे सरकारचे म्हणणे. दोन्ही बाजूंचे बळ अगदी समसमान होते. आणि मते समान पडली तर अध्यक्ष विधेयकाच्या विरुद्ध मत देतात, असा या सभागृहाचा जुना रिवाज. सभागृहाचे मन पक्के नसेल तर आहे ते मोडू नये, असे त्यामागचे शहाणपण. म्हणजे विरोधकांचा एक जरी माणूस गळाला तरी पारडे फिरणार. दोन्ही बाजूंनी आपल्या माणसांना बजावले होते, "काही झालं तरी जागा सोडू नका."

विरोधात बोलायला उभ्या राहिल्या बाई. त्यांना सगळे बाईच म्हणत, कारण उभे आयुष्य त्यांनी नदीपलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवण्यात घालवले होते. निवडून आल्या तरी सवय जाईना. कोणी मध्येच बोलले की त्या बोलायच्या थांबत आणि तो गप्प होईपर्यंत चष्म्यावरून त्याच्याकडे बघत. त्यांच्या शाळेतली मुले त्या दिवशी वरच्या प्रेक्षक सज्जात बसली होती. शाळा राहणार की जाणार, ते बघायला आली होती म्हणा ना.

समोरच्या बाजूला बसले होते आप्पा. सत्ताधारी पक्षाचे जुने खोड. आवाज खर्जातला, गुडघा कुरकुरणारा. ते म्हणाले, "एका मास्तरापुढे बाकावर चार पोरं. ना खेळायला गडी, ना प्रयोगशाळा, ना वाचायला पुस्तकं. मोठ्या शाळेत गाडीनं नेऊ की! त्यांना कोंडून ठेवण्यात कसली आलीय माया?"

बाई उठल्या. "आप्पा, नदीला पूर आला की गाडी कशावरून नेणार? तुमच्या भाषणावरून?"

सभागृह खो खो हसले.

"बाई, मी तुमचा विद्यार्थी नाही," आप्पा गुरगुरले.

"नाही ना! तिथंच तर सगळी पंचाईत झालीय."

आता अध्यक्षसुद्धा हसले. आप्पांनी हसू दाबायला मिशीवर हात ठेवला, तो मला दिसला. गंमत सोडा, पण आप्पांचे म्हणणे मलाही खोटे वाटत नव्हते आणि बाईंचेही. अशा वेळी दार असणे बरे, मत द्यावे लागत नाही.

मुलांची सज्जातली वेळ संपली. त्यांचे गुरुजी त्यांना घेऊन जिना उतरू लागले. आत अजून एक वक्ते बाकी होते, आणि त्यांचे भाषण म्हणजे मारुतीचे शेपूट अशी त्यांची ख्याती. बाईंनी विचार केला, तेवढ्यात मुलांना निरोप देऊन येऊ. त्यांच्या शेजारचे सदस्य कुजबुजले, "बाई, बसा हो."

"अहो, ही काय इथंच व्हरांड्यात," म्हणत त्या माझ्यातून बाहेर पडल्या.

आणि काय सांगू! त्या वक्त्यांचा घसा त्याच दिवशी बसला होता. दोन वाक्ये बोलले आणि खाली बसले. अध्यक्षांनी विचारले, "होय"वाले ओरडले, "नाही"वाले त्याहून ओरडले. घंटा घणघणू लागली.

व्हरांड्यात एकच पळापळ झाली. धिप्पाड माणसे धोतर-पायजमे सावरत, कोणी तोंडातला घास गिळत, दोन्ही बाजूंनी धावत आली. मध्ये सापडली मुले. एवढी मोठी माणसे घंटा ऐकून पळतात, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. एकाला धक्का लागला, तो पडला. बाकीची सैरावैरा झाली.

मित्रांनो, अशा वेळी दुसरा कोणताही आमदार आत धावला असता. पण घंटा कानावर पडली की बाईंचे पाय एकच गोष्ट करत आले होते. त्या व्हरांड्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरले आणि ओरडल्या, "भिंतीला लागा! हात धरा! रांग!"

क्षणात रांग झाली. बाई एकेका डोक्यावर हात ठेवत मोजू लागल्या.

सगळ्यांत शेवटी लंगडत आप्पा आले. "अहो बाई, चला! ही शाळेची घंटा नाही!"

"आले, आले! तुम्ही व्हा पुढं. ए, रांग सोडू नकोस, तुला लागलंय का बघू दे आधी..."

आप्पा आत शिरले आणि घंटा थांबली. दारवानाने मला लोटले. माझ्या दोन्ही फळ्या जुळल्या, नेहमीसारख्या, मध्ये कागदही न जाईल अशा.

आप्पा वळले. "अरे, त्या बाई राहिल्या बाहेर. उघड जरा."

"साहेब, घंटा थांबली. आता खुद्द अध्यक्ष आले तरी उघडत नाही."

"अध्यक्ष आतच आहेत की रे."

"म्हणून तर सांगतोय, साहेब. तेही बघतायत."

आप्पा लंगडत मागे फिरले. आपल्या जागेवर जाऊन बसले.

बाहेर बाई माझ्यापाशी आल्या. त्यांनी मला ठोठावले नाही. नुसता तळवा टेकवला. गुरुजी रडवेले झाले. "बाई, आमच्यामुळं झालं हे."

"तुमच्यामुळं नाही. घंटा झाली की मला दुसरं काही सुचतच नाही, त्याला तुम्ही काय कराल?"

रांगेतल्या एका चिमुरडीने विचारले, "बाई, तुम्हाला उशीर झाला म्हणून बाहेर उभं केलं?"

"हो गं बाळ."

"मग आता तुम्हाला शिक्षा?"

बाईंनी तिची वेणी सारखी केली. मग म्हणाल्या, "मला झाली तर चालेल गं. तुम्हाला होऊ नये."

इकडे आत सगळे उठून आपापल्या खोलीकडे निघाले. सत्ताधारी बाजूचा आनंद लपत नव्हता. पक्षाची माणसे गोळा करणे हे ज्याचे काम, तो प्रतोद आप्पांपाशी आला. "आप्पा, उठा. जिंकलो आपण."

"गुडघा धरलाय."

"उचलून नेऊ का?"

"मला उचलशील. मत कसं उचलशील?"

प्रतोदाचा चेहरा उतरला. "काय चालवलंय तुम्ही? मघाशी तर एवढं तावातावानं बोललात!"

"बोललो, आणि त्यातला शब्दही मागं घेत नाही. ती बाई आत असती आणि मी तिला हरवलं असतं, तर पेढे वाटले असते. पण ती पोरं तुडवली जाऊ नयेत म्हणून बाहेर राहिली. मी तिला ओलांडून आत आलो. तिच्या त्या रिकाम्या जागेवर पाय ठेवून मला जिंकायचं नाही. ती मत देत नाही, तर मीही देत नाही. फिट्टंफाट."

"दार नियमानं बंद झालंय, आप्पा."

"दाराचं काही चुकलं नाही. मी माझ्यापुरतं बोलतोय."

ते ऐकले आणि माझे सागवानी मन हलले. बाहेरच्या अंगाला बाईंचा तळवा होता, आतल्या अंगाला आप्पांचे शब्द, आणि मध्ये फक्त मी. पलीकडे काय चालले आहे, ते सांगायला मला तोंड नव्हते.

मोजणी झाली. अध्यक्षांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "मते समान पडली आहेत. बदल करावा असे या सभागृहाने ठामपणे म्हटलेले नाही. रिवाजाप्रमाणे माझे मत 'नाही'. विधेयक नामंजूर."

दारवानाने मला उघडले. आतला गलका भसकन व्हरांड्यात सांडला. बाईंना काही कळेना. त्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. आप्पा लंगडत बाहेर आले आणि थेट त्या पडलेल्या मुलापाशी गेले. "लागलं का रे फार?"

"नाही." मग तो हळूच म्हणाला, "थोडं."

"आप्पा," बाईंनी विचारले, "काय झालं आत?"

"काय व्हायचंय? तुमची शाळा आहे तिथं आहे." त्यांनी मुलाच्या अंगावरची धूळ झटकली. "पण पुढच्या अधिवेशनात मी हे विधेयक पुन्हा आणणार, सांगून ठेवतो. आणि तेव्हा घंटेआधी जागेवर बसा. सारखी सारखी गुडघेदुखी काढायला मी रिकामा नाही."

बाईंनी हात जोडले. मग मुलांकडे वळून डोळे पुसत म्हणाल्या, "काय बघताय? यांना नमस्कार करा." सगळी रांग वाकली आणि सभागृहात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या आप्पांना कुठे बघावे ते कळेना.

पुढचेही सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. आप्पांच्या पक्षाने त्यांना पुढच्या बाकावरून उठवून अगदी शेवटच्या बाकावर, माझ्याशेजारी बसवले. त्यांनी तक्रार केली नाही. "इथं वारा छान लागतो," एवढेच म्हणाले. ते विधेयक पुन्हा आले. बाई आणि आप्पा त्यावर पुन्हा कडाकडा भांडले. भांडणातूनच ठरले की रस्त्यालगतच्या लहान शाळा मोठ्या शाळांत मिळवायच्या आणि जिथे वाटेत नदीनाले आहेत, तिथल्या हलवायच्या नाहीत. कोणाचेच सगळे खरे झाले नाही. त्या दिवशी मतविभाजनाची वेळच आली नाही.

आता माझ्या बिजागऱ्या झिजल्या आहेत. मला काढून तिथे आपोआप सरकणारी काच बसवावी, असे बोलणे चालले आहे. येऊ दे बापडी. काच बसवा, लोखंड बसवा, दार मात्र वेळेवर बंद होऊ द्या. नियम ज्याच्या त्याच्यासाठी वाकू लागला, तर दुबळ्यांसाठी तो उरतच नाही.

पण मित्रांनो, दार आंधळे असते, आतली माणसे नसतात. खेळात, वर्गात, पुढे मोठेपणी कुठल्याही कामात, तुम्ही आत पोचाल आणि कोणीतरी बाहेर राहील. तेव्हा नियम तुमच्याच बाजूने असेल आणि तुम्हाला कोणी बोल लावणार नाही. त्या क्षणी एकदा मागे वळून बघा. तो का बाहेर राहिला, एवढे स्वतःला विचारा. तेवढे मात्र कोणत्याही दाराला करता येत नाही.